भातवाल्याची तालीम आणि आमची वही

आम्ही कापडवाले. भातशेतीतले आम्हाला काय कळते, असे कोणी विचारील. पण रोडपालीत दुकान मांडून बसल्यावर एवढे कळते की, भात घरात आले की उधारीची वही हलकी होते आणि दाणा पोचट निघाला की वहीची पाने वाढतात. रोडपालीची स्वतःची शेते सिडकोच्या इमारतींखाली गेली; आमचे भातवाले गिऱ्हाईक आता आतल्या गावांतून येते.

अशाच एका जुन्या गिऱ्हाईकाने पेरणीआधी मोबाईल पुढे केला. ऑनलाइन शेतीवर्गाचा अर्ज भरून द्या, म्हणाले. गृहस्थ आमच्यासारखेच उर्दू शाळेतले. मराठी बोलतात झकास, छापील अर्ज मात्र वाचवत नाही. अर्ज भरला. वर्ग सकाळी ११ चा, म्हणजे ऐन कामाच्या वेळी, आणि तासभर पुस्तकी भाषा. तिसऱ्या दिवशी त्यांनी नाद सोडला.

म्हणून ही तालीम फुकट आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. याच गृहस्थांनी एक छोटा व्हिडिओ चार वेळा पाहिला. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवायचे, त्यात बियाणे सोडायचे, तरंगेल ते काढून टाकायचे, तळाचे स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचे. उस्ताद तोच धडा चार वेळा न कंटाळता सांगत नाही, मोबाईल सांगतो!

पण सगळेच पडद्यावर येत नाही. नेरळजवळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांच्या भातपद्धतीत चिखलणी नाही, लावणी नाही; गादीवाफ्यावर लोखंडी साच्याने भोके पाडून बी टोकतात. ते पाहून कल्पना येते, साचा किती दाबायचा हे वाफ्यावर उभे राहूनच कळते. भिवंडी-मालेगावच्या मागावर तुटलेला धागा जोडायला पोरगा उस्तादाशेजारी बसूनच शिकला ना?

नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची स्थापना १९८९ ची. घरी पुस्तक दिले तरी अभ्यासकेंद्र लागते, हे त्यांनी ओळखले. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ साली खत-बियाणे विकणाऱ्या दुकानदारांसाठी वर्षाची पदविका काढली, तीही आठवड्यातून एक दिवसाच्या वर्गाची. दुकानदाराचा गल्ला सांभाळून वर्ग ठेवता येतो, तर शेतकऱ्याची वेळ का पाहिली जाऊ नये? पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, २, ३ हे भाताचे वाण दिले. खाडीकाठच्या माणसाला त्यांचा धडा दहा मिनिटांत, बोलीभाषेत, रात्री मिळावा आणि हंगामात एक दिवस खाचरात उतरून, एवढेच आमचे मागणे.

व्यापारी बांधवांनो, इशानंतर दुकानात गिऱ्हाईक नसते आणि टीव्ही उगाच चालू असतो. आम्ही चार खुर्च्या वाढवल्या आहेत. अर्ज भरून देण्याचे काम मुलाकडे सोपवले आहे; आमची नजर आता बारीक अक्षरावर ठरत नाही.