साडेसातशे येनचं ताट

पुष्कळ दिवस आमच्या गल्लीतल्या खाणावळीवर लिहायचं मनात आहे. टोकियोत राहून लिहायला फुजी पर्वत, चेरीची फुलं असं काही मिळालं नाही का, असं ठाण्याची आत्या नक्की विचारणार. पण आत्या, फुजी मला वर्षातून चारदा दिसतो, तोही हवा स्वच्छ असेल तर. ह्या खाणावळीत मी 2014 पासून आठवड्यातून निदान तीनदा जेवतो आहे. तेव्हा पहिला हक्क तिचा.

इथे अशा जागेला 'शोकुदो' म्हणतात, म्हणजे सरळ 'जेवणघर'. टोकियोच्या पूर्वेला, कात्सुशिका वॉर्डात, स्टेशनपासून सात मिनिटांवर एक जुनं दुमजली घर आहे. वर मालक-मालकीण राहतात, खाली दुकान. दारावर धुऊन धुऊन विटलेला निळा पडदा. तो बाहेर लटकत असेल तर दुकान उघडं, आत घेतला असेल तर बंद. काउंटरला आठ खुर्च्या, दोन टेबलं, कोपऱ्यात उंचावर टीव्ही. सुमोच्या दिवसांत त्यावर सुमो आणि एरवी बातम्या. भिंतीवर पदार्थांची नावं लिहिलेल्या कागदाच्या पट्ट्या, तेलाच्या वाफेने पिवळ्या पडलेल्या. पाणी आणि चहा आपला आपण घ्यायचा. टिप नावाचा प्रकार नाही. सुट्टे टेबलावर ठेवून निघालात तर पैसे विसरलात म्हणून मालकीणबाई रस्त्यात गाठतील. (माझ्या बाबतीत झालंय. सिग्नलपर्यंत धावत आल्या होत्या.)

मालकांना सगळे 'ताइशो' म्हणतात. ते गॅससमोर. बाकी सगळं म्हणजे वाढणं, आवरणं, हिशेब आणि गिऱ्हाइकांच्या तब्येतीची चौकशी ओबासानकडे. ओबासान म्हणजे काकू. दोघंही आता पंचाहत्तरीच्या पुढची.

जेवण म्हणजे 'तेइशोकु', आपल्याकडची राइसप्लेट म्हणा. एका ट्रेमध्ये भात, मिसोचं सूप, एक मुख्य पदार्थ, एक छोटी वाटी आणि लोणचं. मुख्य पदार्थ म्हणजे मीठ लावून भाजलेला साबा, नाहीतर आल्याच्या रसात परतलेलं डुकराचं मांस आणि शेजारी बारीक चिरलेल्या कोबीचा डोंगर, नाहीतर त्या दिवशी ताइशोंच्या मनात येईल ते. साबा म्हणजे आपल्या बांगड्याचा थोराड चुलतभाऊ. गंमत म्हणजे जपानच्या ताटातला बराचसा साबा नॉर्वेहून येतो! छोट्या वाटीत काय असेल ते सांगता येत नाही. कधी गोडसर शिजवलेला भोपळा, कधी काळं समुद्री शेवाळ आणि गाजर, कधी गोबो नावाच्या मुळाची तिखट-गोड भाजी. माझं मन खरं त्या वाटीतच असतं. हॉटेलात मिळतं ते सगळं दुसरीकडेही मिळतं. कालचा उरलेला भोपळा आज थोडा जास्त मुरलेला मिळणं, हे फक्त घरी होतं.

(शाकाहारी मंडळींनी ह्या मोहात पडू नये. पालकाच्या भाजीतसुद्धा 'दाशी' म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि 'ह्यात मासे नाहीत ना' असं विचारल्यावर ओबासान अगदी प्रामाणिकपणे 'नाहीत' म्हणतात. त्यांच्या लेखी दाशी हा मासा नसतोच.)

तर मी आलो तेव्हा हे ताट साडेसहाशे येनला होतं. ऑक्टोबर 2019 मध्ये विक्रीकर आठाचा दहा टक्के झाला तेव्हा सातशे झालं, करोनानंतर साडेसातशे. ऑफिसजवळ एवढ्यात वाटीभर नूडल्स मिळतात. पुण्याहून जपानी शिकून येणारी नवी मुलं असतात, त्यांना मी पहिल्या आठवड्यातच तिथे नेत असे. "बघा, साडेसातशेत! भात दुसऱ्यांदा घेतला तरी फक्त पन्नास येन जास्त!" हे मी अशा थाटात सांगायचो जणू दर मीच लावलाय.

नोव्हेंबर 2023 मध्ये आई आली होती. तिला तिथे नेली. चॉपस्टिक्स दोन मिनिटं धरून बघितल्या आणि बाजूला ठेवून तिने सरळ हाताने जेवायला सुरुवात केली. मी इकडेतिकडे बघत होतो. ओबासान मात्र आल्या, काही न बोलता गरम पाण्यात पिळलेला एक जादा रुमाल ठेवून गेल्या. आईने माशाचा काटा असा साफ केला की ताइशो वाकून बघायला आले. सूप म्हणजे "बिनफोडणीची आमटी" असा शेरा मिळाला, भाताला "चिकट आहे पण गोड आहे." पण जेवताना तिचं सगळं लक्ष काउंटरच्या पलीकडे होतं. बाहेर पडल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला तो हा: "ह्या बाईला ह्यात काय सुटतं रे?"

मी म्हटलं, असेल काहीतरी. नाहीतर चालवतील कशाला?

"डोंबिवलीत मीसुद्धा चालवतच होते," आई म्हणाली.

नातेवाइकांना माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो. मी शाळेत असताना आई डबे द्यायची. ऑफिसात नोकरी करणारी, खोली घेऊन राहणारी दहा-बारा मुलं होती. पाच पोळ्या, भाजी, आमटी, भात, बुधवारी अंडी, रविवारी मासे. पहाटे साडेचारला स्टोव्हचा आवाज यायचा. संध्याकाळचे डबे सायकलवरून मी पोचवायचो. त्यातला एखादा महिनाअखेरीला हसत हसत म्हणायचाच, "काकू, पलीकडच्या बिल्डिंगीतल्या बाई पन्नास रुपये कमी घेतात." मला त्याचा भयंकर राग यायचा. आणि पंचवीस-तीस वर्षांनी मी टोकियोत चारचौघांत तेच करत होतो. फक्त घासाघीस करायच्या ऐवजी कौतुक करत होतो.

त्या रात्री मी हिशेब मांडला. माझी नोकरीच ती, आकड्यांची. दुपारी आणि रात्री मिळून, मी पाहतो त्यावरून, फार तर चाळीस ताटं जातात. साडेसातशेच्या दराने तीस हजार येन. दोघं सकाळी सातला खाली उतरतात, रात्री नऊला भांडी घासून होतात. मधला एक तास सोडला तरी माणशी तेरा, दोघांचे सव्वीस तास. हा हिशेब मी नंतर पुन्हा एकदा केला, कारण ऑक्टोबर 2025 मध्ये टोकियोतली किमान मजुरी तासाला 1226 येन झाली. सव्वीस तासांचे झाले 31,876 येन. म्हणजे मासे फुकट, तांदूळ फुकट, गॅस फुकट धरला तरी साडेसातशेच्या ताटांच्या पूर्ण गल्ल्यातून त्या दोघांची कायद्याने ठरलेली किमान मजुरीही निघत नव्हती.

मग चालतं कसं? घर स्वतःचं, म्हणून भाडं नाही. नोकर नाही, म्हणून पगार नाही. आणि महिन्याला पेन्शन येते. सगळे हप्ते भरलेल्याला राष्ट्रीय पेन्शन 2025-26 साली महिना 69 हजार येनच्या आसपास होती. ह्या तीन गोष्टी जिथे जमतात तिथेच असं दुकान टिकतं. म्हणजे माझ्या ताटातले तीनशे-चारशे येन रोज कोणीतरी भरत होतं, आणि ते ओबासानची कंबर भरत होती. मुलगा साप्पोरोला नोकरी करतो, तो हे चालवणार नाही. का चालवावं त्याने? ह्या आकड्यांवर मी तरी चालवेन का?

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. 'स्वस्त आणि मस्त' हे कौतुक मला आता बोचतं. आपण जिला घरगुती चव म्हणतो तिच्यातला स्वस्तपणा बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या बिनमोजलेल्या तासांतून आलेला असतो, मग ते घर डोंबिवलीतलं असो की कात्सुशिकातलं. आपल्याकडे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. प्रेमा पुरव यांनी मुंबईत 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांसाठीच. वाण्याच्या आणि सावकाराच्या उधारीत बुडालेल्या ह्या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यापासून सुरुवात होती. रांधणं हा धंदा आहे, माया नव्हे, हे आधी बँकेला पटवावं लागलं. आपल्याला अजून पूर्ण पटलेलं नाही.

आता ह्या मताची फजिती कशी झाली तेही सांगायला हवं.

2025 च्या वसंतात इथे तांदळाचा भाव वर्षभरात जवळजवळ दुप्पट झाला. पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, सरकारने राखीव साठा बाहेर काढला, टीव्हीवर दुसरा विषय नव्हता. जूनमध्ये भिंतीवर नवा कागद लागला. 'फार लाज वाटते, पण' अशी सुरुवात करून सगळ्या ताटांना शंभर येन वाढवल्याचं लिहिलं होतं. साडेसातशेचं साडेआठशे. मी आपला हिशेब डोक्यात घेऊनच बसलो होतो. पैसे देताना ओबासानना म्हटलं, अकराशे केलेत तरी मी येईन. वाढवा की.

त्यांनी आधी हसण्यावारी नेलं. मग आवाज खाली आणून, डोळ्यांनीच काउंटरच्या टोकाकडे दाखवत म्हणाल्या, "तुम्ही याल हो. ते नाही येणार."

टोकाला एक आजोबा बसतात. बायको गेल्यापासून रोज संध्याकाळी साडेपाचला येतात, पेपर वाचतात, मासा खातात. दर वाढल्यापासून भात अर्धा घेत होते, कारण अर्ध्या भाताला पन्नास येन कमी. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. असे पाच-सहाजण आहेत. पेन्शनवर जगणारे, एकटे. एखादा दोन दिवस आला नाही तर ओबासान फोन लावतात.

म्हणजे दर कमी ठेवणं हा भोळेपणा नव्हता. त्यांना हिशेब येत होता, माझ्यापेक्षा चांगला.

मग मला प्रश्न पडला की हे काम ह्या दोघांचं का? जपानला एके काळी हे कळत होतं. 1918 मध्ये तांदळाच्या भावावरून दंगली झाल्या. तोयामाच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्तीतल्या बायकांनी सुरुवात केली आणि देशभर लोण गेलं. त्या काळात मोठ्या शहरांमध्ये सरकारी जेवणघरं निघाली. टोकियो शहराने 1932 मध्ये फुकागावात बांधलेल्या अशाच एका जेवणघराची इमारत अजून उभी आहे, मी जाऊन पाहून आलो. आता तिथे जेवण नाही, पर्यटकांसाठी माहितीकेंद्र आहे. आपल्याकडे एक रुपयाची झुणका-भाकर आली, दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली. त्यांचं पुढे काय काय झालं हा वेगळा विषय. पण निदान तिथे उरलेले पैसे कोण भरणार हे कागदावर लिहिलेलं होतं. इथे 2012 मध्ये ओता वॉर्डातून सुरू झालेली मुलांची जेवणघरं आज देशभरात दहा हजारांवर आहेत. बातम्यांत त्याचा अभिमान असतो. मला आकडा ऐकून आधी हाच प्रश्न पडतो की ही दहा हजार स्वयंपाकघरं कोणाच्या फुकट तासांवर चालतात.

उत्तर माझ्याकडे नाही. एवढं करतो की नव्या मुलांना नेतो तेव्हा किंमत सांगत नाही. दुपारी गर्दीच्या वेळी जात नाही, कारण काउंटरची खुर्ची रिकामी असणं हेच त्यांचं उत्पन्न. आणि ताटाबरोबर थंड टोफू मागवतो, कधी बिअर, कारण दर वाढवायला नको असेल तर निदान बिल वाढू दे. ओबासानना हे एव्हाना कळलं असावं. परवा टोफूच्या शेजारी एक न मागवलेली वाटी आली. भोपळा. बिलात नव्हता.

रविवारी आईशी फोनवर बोलताना विचारलं, तू तेव्हा दर का नाही वाढवलेस?

"वाढवले होते की. दोनदा. पहिल्यांदा दोन मुलं सोडून गेली, दुसऱ्यांदा एक. तो चिपळूणचा होता ना, त्याने रात्रीचा डबा बंद केला आणि पाव खायला लागला. मग नाही वाढवले."

"मग भागवलंस कसं?"

"बाबांचा पगार होता ना." मग जरा थांबून, "तिकडे आता किती केले म्हणालास?"

"साडेआठशे."

"कमीच आहेत," आई म्हणाली. "आणि त्या आजोबांना भात पूर्ण वाढायला सांग तिला. पन्नास येन तू दे."

हे ओबासानना जपानीत कसं सांगायचं, म्हणजे आजोबांना कळणार नाही असं, त्याची मी चार दिवस मनात जुळवाजुळव करतो आहे. उद्या साबा आहे. साडेपाचला जाऊन बघतो.