वाचून कोण दाखवतं?

बालविभागात पालक मुलाला घेऊन आले की आपल्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला असतो : कितवीत आहे? उत्तर मिळालं की हात आपोआप त्या इयत्तेच्या कपाटाकडे जातो. पहिली-दुसरीला मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तकं, तिसरी-चौथीला छोट्या गोष्टी, पाचवीपुढे फास्टर फेणे. मूल एकटं बसून वाचणार असेल तर ही पद्धत बरोबरच आहे. पण घरातलं कुणी ते पुस्तक मोठ्याने वाचणार असेल आणि बाकीची मंडळी ऐकणार असतील, तर इयत्तेचा हिशेब चुकतो. मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या बरेच पुढे असतात.

दुसरीतली मुलगी वाचताना पाहा. जोडाक्षर आलं की ती थबकते, ओठांतल्या ओठांत जुळवते, पुढे सरकते. वाक्याचं टोक गाठेपर्यंत सुरुवात निसटून गेलेली असते. हीच मुलगी आजीकडून गावच्या भाऊबंदकीची हकिकत तासभर ऐकते, आणि कोण कुणाचा चुलत, कुठली जमीन कुणाच्या नावावर, हे तिला दुसऱ्या दिवशीही पाठ असतं. गोष्ट समजण्याच्या तिच्या ताकदीत आणि अक्षरं वाचण्याच्या ताकदीत काही वर्षांचं अंतर आहे. अमेरिकेत जिम ट्रिलीज यांनी हा मुद्दा आयुष्यभर लावून धरला. त्यांचं 'रीड-अलाउड हँडबुक' पेंग्विनने 1982 साली काढलं आणि घराघरांत गेलं. हे अंतर साधारण आठवीपर्यंत टिकतं, तेव्हा मूल वाचू लागलं तरी त्याला वाचून दाखवणं थांबवू नका, असं ते पालकांना सांगत राहिले.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. देवघेवीच्या टेबलावर आपण सगळ्यांनी हे वाक्य ऐकलेलं आहे : "आता तिची ती वाचते." आई ते अभिमानाने सांगते, आणि तो अभिमान रास्त आहे. पण त्याच आठवड्यापासून त्या घरातलं सामायिक पुस्तक संपतं. काल ज्या मुलीने बाबांकडून तीसेक पानांची साहसकथा ऐकली, तिच्या हातात आज पानाला चार ओळींचं पुस्तक येतं, कारण तिला स्वतःला तेवढंच वाचता येतं. गोष्ट अचानक उथळ होते. मग पुस्तक बदलून नेण्याच्या तारखा लांबतात आणि एक दिवस अनामत परत मागितली जाते. हे शाळेला दिसत नाही, घरच्यांच्याही लक्षात येत नाही. आपल्या नोंदवहीत मात्र ते तारखांसह लिहिलेलं असतं, आणि म्हणूनच ही गोष्ट मी ग्रंथपालांपुढे मांडतो आहे.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या बाबतीत तर हे अंतर आणखी मोठं असतं. शहरांतच नव्हे, तालुक्याच्या गावीही आता अशी मुलं आपल्याकडे येतात. घरी मराठी बोलतात, मराठी नाटक पाहून हसतात, पण सहावीत गेली तरी देवनागरी अक्षर लावत वाचतात. त्यांना त्यांच्या वाचनाच्या पातळीचं पुस्तक द्यायचं म्हटलं तर सहावीच्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट द्यावी लागते, आणि त्याला त्यात अपमान वाटतो. 2020 च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली, चांगलंच झालं. पण भाषेची गोडी लागायला तासिका पुरत नाही. या मुलाला मराठी साहित्यात शिरण्याचा एकच दरवाजा आज उघडा आहे, तो कानांचा. परदेशात मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळींचा अनुभवही असाच आहे. ज्या घरात रात्री कुणी मराठी वाचून दाखवतं, तिथल्या मुलाला मुळाक्षरं शिकण्याचं काही कारण दिसतं.

श्रावण तोंडावर आला आहे, म्हणून एका जुन्या रिवाजाची आठवण काढतो. श्रीधरस्वामींनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप' लिहिले, आणि पुढची दोनशे वर्षं ते मराठी घरांत, देवळांत, पारावर मोठ्याने वाचले गेले. 'हरिविजया'चे अध्याय 36, 'रामविजया'चे 40, 'पांडवप्रतापा'चे 64. ग्रंथालयशास्त्राच्या नजरेने ही रचना पाहण्यासारखी आहे. एका बैठकीत एक अध्याय बसतो. कथानक इतकं स्पष्ट की काल न आलेला माणूस आज येऊन बसला तरी धागा सापडतो. ओवीला यमक आहे, त्यामुळे वाचणारा चुकला तर ऐकणाराच सावरून घेतो. आणि वाचणारा पुष्कळदा घरातला शाळकरी मुलगा असायचा, कारण अक्षरओळख त्यालाच. तो वाचायचा, एखादे आजोबा थांबवून अर्थ सांगायचे, बायका प्रसंगावर बोलायच्या. लिहिता-वाचता न येणारी माणसं त्या बैठकीत केवळ श्रोते नव्हती, अर्थ लावण्यात त्यांचा वाटा होता. धर्माचा भाग ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेनुसार ठरवावा. ठरलेली वेळ, रोजचा ठरलेला भाग, वाचणारा एक आणि ऐकणारी सर्व वयांची माणसं, ही घडी मात्र कुठल्याही पुस्तकाला लावता येते.

साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहायला घेतली तेव्हा तिची मांडणी 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी केली. श्याम सोबत्यांना रोज रात्री सांगतो आहे आणि ते ऐकत आहेत. आपण हे पुस्तक बालविभागात ठेवतो आणि नववीच्या मुलाला एकट्याने वाचायला देतो. एका रात्री एक प्रकरण असं मोठ्याने वाचलं की त्याची चाल वेगळीच लागते, आणि वाचणाऱ्या वडिलांना मध्येच थांबावं लागतं.

मोठ्याने वाचण्याजोगं पुस्तक ओळखायचं कसं? परीक्षणं वाचून हे कळत नाही. कपाटासमोर उभं राहून मधलंच एक पान मोठ्याने वाचा. श्वास पुरतो का? संवाद कोण बोलतंय ते 'तो म्हणाला' न वाचताही कळतं का? माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं या कसोटीला सहज उतरतात. त्यातली मुलं आणि मोठी माणसं घरात बोलतात तशी बोलतात. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न उतरतो. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांच्या कथा तर उतरणारच. या तिघांनी महाराष्ट्रभर फिरून भरल्या मांडवांत त्या ऐकवल्या होत्या. 'माणदेशी माणसं' एकट्याने वाचताना बोलीपाशी अडणारी शहरी नात, आजोबांनी त्याच सुरात वाचल्यावर कुठेच अडत नाही. उलट, इंग्रजीवरून ओढूनताणून केलेले अनुवाद आणि विशेषणांनी लादलेल्या बोधकथा दुसऱ्या पानावर वाचणाऱ्याला थकवतात. त्या कितीही बक्षीसप्राप्त असोत, या कामाला देऊ नका. प्रकरणाची लांबीही पाहा. निवांत वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे आठ-नऊ पानांना वीसेक मिनिटं लागतात. जेवणानंतर घरात तेवढी मिळतात.

"आम्हाला नीट वाचता येत नाही हो," असं सांगणारे पालक आपल्या वर्गणीदारांत आहेत. शिक्षण चौथी-पाचवीत सुटलेली आई मुलाला वाचून दाखवायला लाजते. तिला सांगा की मुलाला वाचू द्या आणि तुम्ही भाकऱ्या करता करता ऐका. पुढे काय झालं ते विचारा, पटलं नाही तर तसं म्हणा. वाचणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे घराने ठरवावं. अडखळत वाचलेलंही चालतं. मोबाइलवरची श्राव्य पुस्तकं प्रवासात, डोळे अधू झालेल्यांना मोलाची आहेत, पण त्या निवेदकाला सहा वर्षांचं मूल "थांब, तो खोटं का बोलला?" असं विचारू शकत नाही.

हे काम ग्रंथालयाचं आहे का, असा प्रश्न काही कार्यवाह विचारतील. ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅमला 1992 साली 'बुकस्टार्ट' सुरू झालं तेव्हा सुमारे 300 तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तकं दिली गेली, आणि त्यात आरोग्यसेविकांबरोबर शहराचं ग्रंथालय होतं. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 पासून आपल्या डॉक्टरांना सांगितलं आहे की बाळाच्या तपासणीवेळी पालकांना मोठ्याने वाचायचा सल्ला द्या. डॉक्टर जे आपलं काम मानतात, ते ग्रंथपालांनी परकं मानू नये. आपल्या राज्यात 1967 च्या अधिनियमाखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं हजारोंनी आहेत, खेड्यापाड्यांत आहेत. इतकी पसरलेली दुसरी व्यवस्था पुस्तकांसाठी आपल्याकडे नाही.

पैसे फारसे लागत नाहीत. काही नियम सैल करावे लागतील. मोठ्याने वाचायला नेलेलं कादंबरीसारखं पुस्तक आठ दिवसांत होत नाही, त्याला महिना द्या आणि विलंब शुल्क आकारू नका. ते मुलाच्या कार्डावर न देता कुटुंबाच्या नावे जादा पुस्तक म्हणून द्या. बालविभाग आणि मोठ्यांचा विभाग यांच्या मध्ये एक फळी अशा पुस्तकांची मांडा, म्हणजे दोघांची तिथे गाठ पडेल. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला आपण पाहुण्यांचं भाषण ठेवतो, पुस्तकांचं प्रदर्शन मांडतो. यंदा भाषण रद्द करून गावातल्याच एका कुटुंबाला पुढे बसवा आणि त्यांना एक प्रकरण वाचू द्या.

आणि हो, प्रश्न बदला. 'कितवीत आहे?' विचाराच, पण त्याच्या आधी 'घरी वाचून कोण दाखवतं?' हे विचारा. 'कुणीच नाही' असं उत्तर आलं, तर तिथून बोलणं सुरू करता येतं.

पुढच्या अंकापासून दोन पानं यासाठी राखून ठेवत आहोत. तुमच्या वर्गणीदारांच्या घरी मोठ्याने वाचून झालेल्या पुस्तकांची नावं कळवा. सोबत चार गोष्टी लिहा : ऐकणाऱ्यांची वयं, एका बैठकीत किती पानं झाली, पुस्तक कुठे रेंगाळलं आणि मुलांनी कोणत्या जागी वाचणाऱ्याला थांबवलं. अर्ध्यात सोडलेली पुस्तकंही कळवा, कारण इतर ग्रंथपालांना ती यादीही तितकीच उपयोगी पडेल. मजकूर 20 तारखेपर्यंत हाती यावा.