आडमापी जुनी चित्रे : चौकट घरी, खर्च बेताचा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली येते आणि तिच्या तळाशी हमखास एखादे जुने छापील चित्र सापडते. कमळातली लक्ष्मी, वीणा घेतलेली सरस्वती, नाही तर दमयंती आणि हंस. रंग अजून टवटवीत, कागद मात्र कडांना तपकिरी पडलेला. 'फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावू या,' असे घरात सर्वांनाच वाटते. अडचण कळते ती दुकानात गेल्यावर. तयार चौकटी 8 × 10, 12 × 18, 16 × 20 इंच अशा ठरावीक मापांच्या आणि हातातले चित्र 9 × 13! मापाची चौकट करून घ्यायची तर खर्च वाढतो. मग कुणीतरी सुचवतेच, "कडा जरा कापल्या तर बसेल की!"

नेमके हेच करू नका. चित्र चौकटीसाठी कापायचे नसते. कापायचा असतो तो दोघांमधला पुठ्ठा, म्हणजे माउंट. एवढे ध्यानात ठेवले तर कोणतेही आडमापी चित्र तयार, स्वस्त चौकटीत देखणे बसवता येते.

कडेवर काय लिहिले आहे?

ही चित्रे बहुधा शिळाछापाची असतात. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड वापरून ती छापली जात. पुण्याची चित्रशाळा 1878 साली सुरू झाली. राजा रविवर्म्यांनी मुंबईत 1894 साली छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलवला गेला. प्रत्येक छापखान्याची मापे आपापली होती. आजच्या ए-3, ए-4 कागदाशी त्यांचा संबंध नाही. शिवाय जुन्या चौकटीत बसवण्यासाठी पूर्वी कुणी कात्री चालवली असेल, तर मूळ मापही उरत नाही.

चित्राखालच्या पांढऱ्या पट्टीवर बारीक अक्षरांत चित्राचे नाव, छापखाना, कधी क्रमांकही असतो. तिथे 'कार्ला-लोणावळा' असे असेल, तर छापखाना मुंबईहून हलल्यानंतरचे ते चित्र, एवढे त्यावरून कळते. पट्टी कापली की हा पुरावा गेला. आजीच्या माहेरून आलेल्या चित्राचा जन्मदाखलाच केरात टाकल्यासारखे ते होईल.

हिशेब अगदी सोपा

चित्राचा कागद 9 × 13 इंच आहे, असे समजू. त्यासाठी 12 × 18 ची चौकट घ्या. माउंटमधली खिडकी कागदापेक्षा चारही बाजूंनी पाव इंच लहान, म्हणजे साडेआठ × साडेबारा इंच ठेवा. चित्राच्या कडा तिच्यामागे अलगद दबून राहतात. आता रुंदीत 12 मधून साडेआठ वजा केले की साडेतीन इंच उरतात. डावीकडे पावणेदोन, उजवीकडे पावणेदोन. उंचीत साडेपाच इंच उरतात. वर अडीच आणि खाली 3 इंच ठेवा. खालची बाजू किंचित रुंद असली की चित्र खाली घसरल्यासारखे दिसत नाही.

खालची अक्षरे अगदी कडेला असतील, तर त्या बाजूला दाब पाव इंचाऐवजी अगदी थोडा ठेवा, म्हणजे ती वाचता येतील.

साहित्य आणि कृती

माउंटबोर्डचे दोन तुकडे लागतील, एक खिडकीसाठी आणि एक पाठीसाठी. चित्रकलेच्या साहित्याच्या दुकानात 'ॲसिड-फ्री' बोर्ड मागा. काटकसर चौकटीत करा, या बोर्डात नको. साध्या पुठ्ठ्यातील आम्लामुळे काही वर्षांतच चित्राच्या कडा पिवळ्या पडतात आणि कागद कुरकुरीत होतो. याशिवाय पोलादी पट्टी, गुण्या, पेन्सिल आणि नवे पाते घातलेला कटर एवढेच हवे.

दोन्ही तुकडे काचेपेक्षा एक-दोन मिलिमीटर लहान कापा. पावसाळ्यात बोर्ड फुगतो, त्याला जागा लागते. खिडकीची आखणी मागच्या बाजूने करा. बोर्डाखाली जाड रद्दी पुठ्ठा ठेवा आणि पट्टी घट्ट धरून तीन-चार हलक्या हातांनी कापा. एकाच दमात जोर लावला की पाते घसरते. आधी रद्दी पुठ्ठ्यावर एक खिडकी कापून हात बसवून घ्यावा.

चित्र बसवायचे ते चिकटवून नव्हे. पूर्वी फोटोच्या अल्बममध्ये काळे कोपरे असत, तसे चार कोपरे ॲसिड-फ्री कागदाच्या पट्ट्या दुमडून करा. चित्राची टोके त्यांत सरकवा आणि गोंद फक्त कोपऱ्यांच्या मागे लावून ते पाठीच्या बोर्डावर चिकटवा. चित्राला गोंदाचा थेंबही लागत नाही आणि उद्या ते जसेच्या तसे बाहेर काढता येते. मग वर खिडकी, त्यावर काच. मागे हार्डबोर्ड घालायचा असल्यास मध्ये ॲसिड-फ्री कागद ठेवा.

चित्र गुंडाळलेले असेल तर ओल्या फडक्याने किंवा इस्त्रीने सरळ करू नका. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तके ठेवा. आठ-दहा दिवसांत ते बरेच सपाट होते. कागद उलगडतानाच तडकत असेल, तर मात्र हात आवरता घ्या.

काच आणि चित्र यांत अंतर हवे

माउंट केवळ शोभेसाठी नसतो. त्याच्या जाडीमुळे चित्र काचेपासून दूर राहते. कोकणात, मुंबईत किंवा कोलकात्याच्या दमट हवेत काचेच्या आतून ओल धरते. चित्र काचेला टेकले असेल तर बुरशी येते, पुढे ते चिकटूनच बसते. असे चिकटलेले चित्र ओढून काढू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, लखनौला राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण प्रयोगशाळा आहे. अशा जाणकारांना आधी विचारावे.

काही घरांतल्या चित्रांवर बायकांनी हौसेने जरी, टिकल्या, कापडाची साडी चिकटवलेली असते. ही कारागिरी काढून टाकू नका. तिच्यासाठी खोल खाचेची चौकट घ्या आणि खिडकीमागे, चित्राला न टेकतील अशा, त्याच बोर्डाच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक चिकटवा. काच उचलली जाते आणि टिकल्या दबत नाहीत.

जुनी चौकट वापरताना

जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडे किंवा आपल्याच घरात सागवानी चौकटी पडून असतात. नव्यापेक्षा त्या मजबूत असतात. मात्र लाकडाला बारीक भोके आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती घेऊ नका, कीड चित्रात शिरेल. मागच्या बारीक चुका पक्कडीने सरळ ओढून काढा. चौकटीत पूर्वीचा फोटो असेल तर तोही जपून ठेवा. कधीकधी त्याच्या मागेच आणखी एखादे चित्र निघते!

हे टाळा

• सेलोटेप : डिंक पिवळा होऊन कागदात मुरतो. डाग निघता निघत नाही.
• पाठीला जुने वर्तमानपत्र : त्याच्या कागदातले आम्ल चित्रात उतरते.
• लॅमिनेशन : एकदा केले की चित्र पुन्हा मोकळे होत नाही.
• काचेवर थेट फवारा : पाणी खाचेतून आत जाते. फडके ओलसर करून पुसा.

टांगायचे कुठे?

उन्हाची तिरीप येते ती भिंत नको, पावसात ओल येते ती बाहेरची भिंतही नको. देवाचे चित्र म्हणून समईच्या अगदी वर लावले तर काजळी बसते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून रबराचे तुकडे चिकटवा. जुन्या चपलेच्या तळाचेही चालतील. भिंत आणि चौकट यांमध्ये हवा खेळती राहते. दरवर्षी पावसाळा संपला की चौकट उतरवून मागची बाजू एकदा पाहावी.

एक काम राहिले. चित्र कुणाचे, कोणत्या गावाहून आले, घरात कुणी आणले, हे पेन्सिलीने एका कागदावर लिहून तो पाठीच्या हार्डबोर्डला बाहेरून लावा. घरातली मोठी माणसे आहेत तोवरच हे विचारून घ्यावे. कापलेली कड जशी परत येत नाही, तशीच न विचारलेली गोष्टही.