भाताच्या तुसाची राख आणि भीमेचे पाणी

गेली अनेक वर्षे सोलापूर शहराने चार-चार, पाच-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर संसार रेटला. भवानी पेठेसारख्या विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीत पाण्याची पाळी म्हणजे मजुरीचा खाडाच. विडीची मजुरी हजारावर मोजली जाते. जी बाई दोन-तीन तास हंडे आणि पिंपे भरण्यात घालवते, तिच्या सुपात तेवढ्या विड्या कमी पडतात. या तुटीची नोंद ना महापालिकेच्या अंदाजपत्रकात होते, ना राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत. भरलेले पाणी पुढची पाळी येईपर्यंत पुरवायचे; ते पिण्याजोगे राहते की नाही, हे ज्याने त्याने आपल्या घरात पाहायचे.

हा घरातला प्रश्न पुण्यातील एका औद्योगिक प्रयोगशाळेने हाती घेतला होता, हे कार्यकर्त्यांना ठाऊक असणे इष्ट आहे. टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटर ही ती संस्था. फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने 1981 मध्ये ती स्थापन झाली. संगणकाच्या आज्ञावलींवरील काम हा तिचा मुख्य व्यवसाय. तथापि भातगिरणीत कवडीमोल ठरणाऱ्या तुसाकडेही तेथील शास्त्रज्ञांचे लक्ष गेले. तूस जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सिलिकाचे प्रमाण मोठे असते आणि तिचे कण सच्छिद्र असतात. गढूळपणा व काही जंतू ती अडवून धरते. प्रथम सिमेंट व खडे यांच्यासह राखेचा थर देऊन ‘सुजल’ हे साधे गाळणे तयार झाले. पुढे राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून जंतुनाशाची सोय करण्यात आली, आणि डिसेंबर 2009 मध्ये टाटा केमिकल्सने ‘स्वच्छ’ या नावाने ते यंत्र बाजारात आणले. त्याला वीज लागत नव्हती, वाहता नळही लागत नव्हता. सुरुवातीची किंमत 749 आणि 999 रुपये होती. सुमारे 3000 लिटर पाण्यानंतर 299 रुपयांचा नवा ‘बल्ब’ बसवायचा.

या संशोधनाला नावे ठेवण्याचे कारण नाही. भांडवलदाराच्या प्रयोगशाळेत लागला म्हणून शोध त्याज्य ठरत नाही. लिटरमागे दहा पैशांत जंतुरहित पाणी मिळणे ही गरिबाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे, आणि ज्यांच्या घरी उंची यंत्रे बसलेली आहेत त्यांनी तरी तिला हसू नये. मात्र दहा पैशांचा हा दर विडी कामगाराला आणि कारखानदाराला सारखाच. पाणीपुरवठा सार्वजनिक असेल तर त्याचा खर्च करांतून, ऐपतीप्रमाणे वाटता येतो. यंत्राच्या किमतीला ऐपत कळत नाही. शिवाय पाण्यात विरघळलेले क्षार आणि कारखान्यांची रसायने या राखेच्या आवाक्याबाहेरची आहेत.

ती रसायने येतात कोठून, हे पाहण्यासाठी नकाशा उघडावा लागतो. ही प्रयोगशाळा हडपसरच्या औद्योगिक वसाहतीत. त्याच परिसराजवळून मुळा-मुठा वाहते. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांचे मैलापाणी, त्यातील पुष्कळसे प्रक्रियेविना वा अर्धवट प्रक्रिया होऊन, या नद्यांत मिसळत आले आहे. रांजणगाव सांडसला मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीच्या जलाशयात येते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते. ज्या शहरात शुद्धीकरणाचे यंत्र शोधले गेले, त्याच शहराची घाण काढण्यासाठी भवानी पेठेतील कुटुंबाने ते विकत घ्यायचे, असा हा व्यवहार! खाजगी खर्च आणि सामाजिक खर्च यांतील ही तफावत पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने 1920 मध्येच दाखवून दिली होती. ती घाण करणाऱ्याकडून वसूल करावी, असे त्याचे मत होते. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानच्या कर्जसाहाय्याने 2016 मध्ये सुमारे 990 कोटींची योजना ठरली. पुढची कित्येक वर्षे निविदांच्या घोळातच गेली.

दुसरी गोष्ट शहरातल्या नळांची. दिवसाआड चालणाऱ्या पुरवठ्यात नळ बंद असताना वाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि गळतीच्या फटींतून शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. उजनीवर किंवा शुद्धीकरण केंद्रात पाणी कितीही शुद्ध केले, तरी पेठेत पोहोचेपर्यंत ते बिघडू शकते. जुन्या वाहिनीतील गळती स्वस्तात शोधणारे साधन किंवा लहान वस्तीचे मैलापाणी थोड्या खर्चात निर्मळ करणारी रीत यांवरही बुद्धिमान माणसांनी राबण्यासारखे आहे. पण अशा साधनाचे गिऱ्हाईक एकच, कर्जात रुतलेली महापालिका. घरगुती यंत्राला गिऱ्हाइके कोट्यवधी. उद्योगसमूहाची प्रयोगशाळा कोणता प्रश्न आधी उचलणार, हे मग वेगळे सांगायला नको.

म्हणूनच सार्वजनिक संशोधनाची आठवण करून देणे भाग आहे. नागपूरला 1958 मध्ये जी केंद्रीय संस्था निघाली, तिच्या मूळ नावातच सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी होती. 1974 मध्ये ती ‘नीरी’ झाली. नळाचे पाणी आणि मैला हाच तिचा जन्मविषय. अशा संस्थांना हात आखडता घ्यायचा आणि उद्योगांना मात्र करात सवलत द्यायची, ही कोणती नीती? 2010 च्या अर्थसंकल्पाने पात्र उद्योगांच्या अंतर्गत संशोधनखर्चावरील वजावट दीडपटीवरून दुप्पट केली; 2020 पासून ती खर्चाइतकीच राहिली. ज्या काळात ती दीडपट-दुप्पट होती, त्या काळात अशा संशोधनाचा काही भार सरकारी तिजोरीने, म्हणजे काडेपेटीवरही कर भरणाऱ्या जनतेने, वाहिला. विषय ठरवताना मात्र तिला कोणी विचारले नाही.

पुण्याच्या मैलापाण्याचा जाब पुण्याच्या महापालिकेला विचारण्याचे काम तेथील साथींचे आहे, आणि ते त्यांनी सोलापूरकरांच्या वतीने करावे. सोलापुरातील कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम त्याहून सोपे आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाशी लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरले पाहिजे. ते ऑर्थोटोलिडीनच्या काही थेंबांनी जागच्या जागी तपासता येते. आरोग्य कर्मचारी यालाच ‘ओ.टी. टेस्ट’ म्हणतात. भवानी पेठेतील प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या नळावर, दर पाळीला, ही तपासणी करून तिचे आकडे चौकातील फलकावर तारखेसह लिहावेत आणि त्यांची प्रत विभागीय कार्यालयात देऊन पोच घ्यावी.