विज्ञान आणि आपण : चकाकीच्या आडचा आकार

भिलाई आणि भोवतालची कुरुदसारखी गावे पोलादाच्या संगतीने वाढली. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी पेटली आणि पुढे भिलाईचे रूळ देशभर पसरले. वापरातील रुळाचा माथा चाकांच्या घर्षणाने आरशासारखा लखलखतो. पण त्याचबरोबर तो झिजतही असतो. ही झीज वेळीच ध्यानी आली नाही, तर प्रवाशांच्या जिवाला धोका संभवतो. म्हणून रेल्वेच्या तपासणी-गाड्या रुळावर लेसरची रेघ पाडतात आणि तिचे वळण कॅमेऱ्याने टिपून रुळाचा आकार काढतात.

परंतु चकाकणारी वस्तू कॅमेऱ्याला सहजासहजी दाद देत नाही. विटेवर पडलेला प्रकाश चहूकडे विखुरतो; म्हणून तो कोठूनही दिसतो. गुळगुळीत धातू मात्र प्रकाश बहुतांशी एकाच दिशेस परतवितो. त्यामुळे कॅमेऱ्याला कधी नुसता अंधार दिसतो, तर कधी दिपविणारी तिरीप. काचेतून तर प्रकाश आरपार जातो आणि मोजले जाते ते पाठीमागच्या भिंतीचे अंतर!

यावरील सोपा उपाय म्हणजे वस्तूवर पांढरी भुकटी फवारणे. पण प्रत्येक वस्तूला तो कसा चालावा? तेव्हा शास्त्रज्ञांनी प्रतिबिंबालाच साक्षीदार केले. पडद्यावरील सरळ पट्ट्यांचे वस्तूत पडलेले प्रतिबिंब जेथे जितके वाकते, त्यावरून तेथील पृष्ठभागाचा उतार गणिताने निघतो. आरसे आणि भिंगे अशीच तपासतात.

काचेसाठी आणखी एक वाट निघाली. नाशिकला जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले डॉ. रमेश रासकर यांचा अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत संशोधकगट होता. प्रकाशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून अंतर मोजणारा सुमारे ५०० डॉलर खर्चाचा कॅमेरा त्या गटाने सहकाऱ्यांसह २०१३ साली सादर केला. प्रकाश सेकंदाच्या अब्जांशात सुमारे ३० सेंटिमीटर जातो. काचेवरून आणि मागील भिंतीवरून परतलेले किरण एकमेकांत मिसळतात. प्रकाशाला ठराविक सांकेतिक स्पंदने देऊन हा कॅमेरा ते गणिताने वेगळे करतो.

वाचकहो, घरातील लखलखीत डावासमोर मुलांची चौकटीची वही धरून पाहा. वाकलेल्या रेघा डावाचाच आकार सांगत असतात. त्या वाचावयाच्या कशा, एवढेच काय ते शास्त्र शिकविते.