कागद कुणाचा, कोळंबी कुणाची

एरवी भाताबद्दल लिहितो, आज खाजणातल्या कोळंबीबद्दल लिहितोय.

कोळंबीच्या कुठल्याही मीटिंगला गेलं की साहेब लोक सांगतात, छोट्या शेतकऱ्याने आंतरराष्ट्रीय दर्जा पाळला पाहिजे. पाळू की! माझं म्हणणं एवढंच आहे की अर्ध्या एकराच्या तळ्यावाल्याला तो एकट्याने पाळता येत नाही, आणि मागितला जातोय तो एकट्याकडूनच.

रंग आणि काउंट व्यापारी बघतोच. परदेशातलं गिऱ्हाईक मात्र पहिलं विचारतं, यात अँटिबायोटिक आहे का? क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान ही औषधं अजिबात चालत नाहीत. युरोपात मोजमाप आता एक अब्ज भागात एका भागाच्याही खाली गेलंय. भारतातून जाणाऱ्या कोळंबीच्या 10 टक्के खेपांचे नमुने ते आधी घ्यायचे, 2016 मध्ये ते 50 टक्क्यांवर नेले. खेप परत आली की फटका कारखान्याला बसतो, आणि कारखाना तो दरातून आपल्याकडून वसूल करतो. ज्याने तळ्यात काही टाकलं नाही त्याच्याकडूनही.

मग माणूस टाकतो कशाला? दीड महिन्याची कोळंबी कडेला येऊन मरायला लागली की रात्री झोप लागत नाही. दुकानदार एक डबा हातात देतो, वर नाव प्रोबायोटिकचं, आत काय आहे ते देवाला माहीत. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग तर विषाणूचा, अँटिबायोटिक त्याचं काही वाकडं करू शकत नाही. डब्याचे पैसे जातात, कोळंबी जाते, आणि जी वाचते तिच्यात अंश राहतो. अँटिबायोटिक नाही अशी तपासून नोंद केलेल्या औषधांची यादी तटीय जलकृषी प्राधिकरणाकडे असते. आमच्याकडच्या एकाही दुकानाच्या भिंतीवर मी ती पाहिली नाही. ती मराठीत लावा, मग शेतकऱ्याला शहाणपण शिकवा.

आता कागदाचं. मागच्या हंगामात काढणीच्या दिवशी व्यापाऱ्याने विचारलं, तपासणीचा कागद आहे का? नव्हता, म्हणून किलोमागे दर पाडला. ज्यांच्याकडे कागद होता त्यांचा माल आणि आमचा माल एकाच गाडीत, एकाच बर्फात गेला. मग पुढे आमची कोळंबी कुठल्या कागदावर विकली गेली, हे मला कुणी सांगेल का?

हा कागद म्हणजे काढणीपूर्व तपासणी. सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण, म्हणजे आपलं एमपीईडीए, त्यांच्याकडे तळ्याची नोंद लागते. मग काढणीआधी नमुना बर्फात घालून प्रयोगशाळेत पोचवायचा, आणि निकाल येईपर्यंत खाद्य, डिझेल चालू ठेवून थांबायचं. मध्येच अमावास्या आली, कोळंबीने कात टाकली की कवच मऊ, पुन्हा दर खाली. मोठ्या फार्मला हे जमतं, त्यांचा माणूस त्याच कामाला असतो. आमच्याकडे पंप चालवणारा, खाद्य टाकणारा आणि रात्री राखणीला बसणारा एकच असतो.

आंध्रात याला तोड काढली ती गट करून. पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या मोगलतुरू भागात एमपीईडीएने छोट्या शेतकऱ्यांना एकत्र बसवून बघितलं, आणि 2007 मध्ये त्याच कामासाठी नॅक्सा ही संस्था काढली. एका कालव्यावरचे सगळे जण मिळून ठरवतात: बी एकाच हॅचरीतून, पीसीआर करून, थोड्या दिवसांच्या अंतरात सोडायचं. रोग आला तर शेजाऱ्याला सांगायचं, आणि ते पाणी तसंच कालव्यात सोडायचं नाही. मला यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी सोडलेलं पाणी भरतीला शेजाऱ्याच्या तळ्यात जातं, त्याचं माझ्याकडे येतं, मग माझ्या एकट्याच्या स्वच्छतेला काय अर्थ?

हिशेब बघा. अर्धा एकर म्हणजे साधारण 2,000 चौरस मीटर. व्हनामेईला नियमाने चौरस मीटरला 60 पर्यंत बी चालतं, पण सांडपाणी निवळायला ज्याच्याकडे वेगळं तळं नाही त्याने 60 चं नाव काढू नये असं माझं मत आहे. 30 धरा. एकाचे 60 हजार झाले. तेवढ्यासाठी आंध्रातल्या हॅचरीला पीसीआरचा रिपोर्ट मागितला तर फोन ठेवून देतील. आठ जणांचे 4 लाख 80 हजार झाले की तोच माणूस चहा विचारतो.

एएससीसारख्या परदेशी प्रमाणपत्रातही आता गटाने मिळून अर्ज करता येतो. पण तपासायला येणाऱ्याचा खर्च कुणी करायचा? तिकडच्या दुकानात स्वच्छ कोळंबी म्हणून जास्त भावाने विकणार असाल तर त्यातला थोडा वाटा तळ्यापर्यंत येऊ द्या, नुसत्या अटी पाठवू नका. आणि रोजच्या नोंदीचा तक्ता एका पानाचा, मराठीत द्या. खाद्य किती, पीएच किती, मेलेली किती, कुठला डबा वापरला. दहावी पास माणूस कंदिलाच्या उजेडात भरू शकेल असा.

आमच्या खाडीवर आठ तळीवाले आहोत. फेब्रुवारीत एकत्र बी सोडायला सात जण तयार झालेत. आठवा अजून हो म्हणत नाही, आणि नेमकं त्याचंच तळं वरच्या अंगाला आहे. तुमच्याकडे असा कुणी मनवला असेल तर कसा मनवला ते खाली लिहा.