सेतू अभ्यासात नसलेला धडा

१ जुलै २०२१ पासून राज्यातल्या शाळांत ४५ दिवसांचा सेतू अभ्यास सुरू झाला. मागच्या इयत्तेतलं काय राहून गेलं ते दिवसवार, विषयवार भरून काढायचं होतं. त्याआधीच्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, नागपूरने जे पाहिलं, त्याला मात्र त्या कृतिपत्रिकांत जागा नव्हती. आईबाप गमावलेली मुलं आणि जोडीदार गमावलेले शिक्षक मोबाइलच्या दोन बाजूंना बसून अपूर्णांक सोडवत होते. शिक्षकाचं घरचं दुःख शाळेच्या फाटकाबाहेर राहावं, अशी आपली रीत आहे. तेरावं उरकून गुरुजी हजेरीपट उघडतात आणि आपण त्याला कर्तव्यनिष्ठा म्हणतो. ही रीत मला तोकडी वाटते. शिक्षकाने आपल्या दुःखावर लिहावं, तेही शिक्षक म्हणून, आणि खात्याने त्यासाठी थोडी सवड द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

लिहिलं की मन हलकं होतं, हे कारण मी पुढे करणार नाही. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांच्या १९८६ मधल्या अमेरिकेतल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आघातांविषयी लिहिलं आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कार्यशाळांतून एवढंच सांगितलं जातं. लिहून उठताना ती मुलं अधिक उदास होती, हे गाळलं जातं. २००६ मध्ये अशा १४६ अभ्यासांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा फायदा दिसला, पण अगदी लहान. तेवढ्या बळावर शिक्षकाच्या हाती वही देणं म्हणजे डॉक्टरचं आणि रजेचं काम कागदावर ढकलणं. माझं कारण वेगळं आहे आणि ते शिक्षकाच्या पेशातच आहे. अवघड गोष्ट समोरच्याला पेलेल अशा तुकड्यांत मांडणं हे त्याचं रोजचं काम, आणि दुःखाला नेमकी तीच मांडणी मिळत नाही.

साने गुरुजींचंच पाहा. आई १९१७ मध्ये गेली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात त्यांनी सहा वर्षं शिकवलं, छात्रालय सांभाळलं, मग स्वातंत्र्यलढ्यात उतरले. ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिला. या पुस्तकाला आपण रुमाल भिजवण्याचं साधन करून टाकलं, त्याची बांधणी कुणी पाहत नाही. एकूण ४२ रात्री. दर रात्री एक गोष्ट, समोर आश्रमातले सोबती, गोष्ट संपली की बैठक उठते. एका बैठकीत ऐकणाऱ्याला किती झेपतं, हे ज्याला वर्गाने शिकवलं आहे त्याचा हा हिशेब आहे. आईचं मरण येईपर्यंत वाचकाने तिच्याबरोबर पुरेसे दिवस काढलेले असतात.

यावर पहिला आक्षेप असा की, शिक्षकाने आपलं ओझं मुलांच्या डोक्यावर का द्यावं? आक्षेप रास्त आहे, पण तो कच्च्या दुःखाला लागू होतो. साने गुरुजींनी मध्ये पंधराहून अधिक वर्षं जाऊ दिली. कवयित्री इंदिरा संतांचे पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. मुलं लहान होती, बेळगावात शिक्षिकेची नोकरी होती. ‘शेला’ हा कवितासंग्रह आला तो १९५१ मध्ये, ‘मेंदी’ १९५५ मध्ये. त्या कविता आकाराने लहान आहेत आणि टाहो त्यांत जवळपास नाहीच. लिहिणं म्हणजे वर्गात रडणं नव्हे. उलट, काय सांगायचं आणि कुठे थांबायचं हे ठरवायला लिहिण्याइतकी कडक जागा दुसरी नाही.

माझ्या युक्तिवादाला खरी अडचण करतो तो आमच्याच गावचा माणूस. कवी ग्रेस, म्हणजे माणिक गोडघाटे, नागपूरच्या मॉरिस कॉलेजात मराठी शिकवत. आई आणि तिचं नसणं त्यांच्या कवितेत सतत आहे, पण समजावून सांगण्याचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. दुर्बोधतेचा शिक्का जन्मभर वागवला. २०११ चा साहित्य अकादमी पुरस्कारही त्यांना मिळाला तो ‘वाऱ्याने हलते रान’ या ललित गद्याला. तरीही ‘ती गेली तेव्हा रिमझिम’ हे गाणं अर्थ न लागलेली माणसंही गुणगुणतात. तेव्हा मी माझं विधान थोडं सैल करतो: दुःख समजावून द्यायलाच हवं असं नाही, दुसऱ्याच्या ओठांवर बसेल असं रूप त्याला मिळालं तरी चालतं.

हे सगळे प्रतिभावंत, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी काय करावं, असं कुणी म्हणेल. शिवाय मतदार याद्या, ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी यांतून हात मोकळा कधी होतो? पण हे सारं लिहिणं वरच्यांसाठी आहे. दिवसभर लिहिणाऱ्या माणसाच्या हातून स्वतःचं एक वाक्य होत नाही, ही तक्रार माझ्या बाजूची आहे. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत एक तास मिळाला तरी सुरुवात होईल. अट एकच, ते लिखाण कुणी तपासायचं नाही, अहवालात जोडायचं नाही आणि त्याची स्पर्धा तर मुळीच घ्यायची नाही.

राहतो लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या मुलांचा प्रश्न. आईबापांनी घरातलं मरण लिहिलं की मुलांचंही काहीतरी उघडं पडतं. ती तर परवानगी द्यायच्या वयाचीही नसतात. याचं पक्कं उत्तर माझ्याजवळ नाही. संतांच्याच घरातली एक गोष्ट मात्र पुढे ठेवता येते. वडील गेले तेव्हा इंदिराबाईंचे पुत्र प्रकाश नारायण संत आठ-नऊ वर्षांचे होते. पुढे त्यांनी कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवलं आणि आईच्या त्या कवितांनंतर कितीतरी दशकांनी लंपन नावाच्या मुलाच्या कथा लिहिल्या. ‘वनवास’ १९९४ मध्ये आलं. त्या कथांतही पुढे वडिलांचं जाणं येतं. त्यात आईचा एक शब्द उसना नाही. सगळं लंपनच्या उंचीवरून पाहिलेलं आहे.